बंद खिडक्यांचं शहाणपण

इंग्रजांचं साम्राज्य तोफांनी नव्हे, त्यांच्या म्हणींनी उभं केलं, असं रूबेनकाका सांगत. मुंबईच्या बेने इस्रायली शाळेत त्यांनी त्या झाडून सगळ्या पाठ केल्या होत्या. लंडनजवळ इल्फर्डला राहायला आल्यावर एवढंच कळलं, की त्यातल्या निम्म्या शेजारच्या इंग्रजांनी ऐकलेल्याही नव्हत्या.

मी जवळच्या हॉस्पिटलात ज्युनिअर डॉक्टर होतो. रविवारी जेवायला त्यांच्याकडे असे. माझ्या भिजलेल्या कोटाला एक म्हण मिळे, अळणी वरणाला दुसरी. म्हण म्हणून झाली, की काकांच्या लेखी काम झालेलं असे. "यांच्या म्हणींनी नळ दुरुस्त झाले असते, तर इथले प्लंबर उपाशी मेले असते," लीआकाकू म्हणत. मागे नळ गळत असे.

१९६० नंतरच्या एका कडक हिवाळ्यात काकांनी खिडक्यांच्या फटींत वर्तमानपत्रं कोंबली. थंडी हे निमित्त. खरं कारण लसूण. काकूंच्या फोडणीचा वास शेजारच्या मिस्टर डॉबसनना जाईल, ही त्यांना कायमची धास्ती. "दुसऱ्यांच्या देशात राहतो, त्यांच्या नाकाला जपायला नको?" हे मात्र त्यांचं स्वतःचं वाक्य होतं.

एका रविवारी पाहिलं, तर काकूंच्या लाडक्या बजी पोपटाचा पिंजरा रिकामा.

"म्हातारा झाला होता," काका म्हणाले.

"अहो, काहीतरीच! पिल्लू होतं ते." काकू माझ्याकडे वळल्या. "माझंही डोकं दुखतं रे हल्ली. बाजारात गेलं की थांबतं, घरी आलं की सुरू."

मी फायरप्लेसकडे पाहिलं. निखारे मरगळलेले होते, वरच्या भिंतीवर काजळी चढली होती. काका याच खोलीत झोपत.

"काका, धुरांडं शेवटचं कधी साफ केलंत?"

"आधीच्या मालकानं केलं असेल."

"ते तुंबलंय. विषारी वायू खोलीत साठतोय. त्याला वास नसतो, म्हणून कळत नाही."

"वास नसतो ना?" काका हसले. "मग डॉबसनची तक्रार नाही!"

मी स्वतः कागद उपसून खिडकी उघडली. धुरांडं साफ होईपर्यंत कोळसा पेटवायचा नाही, असं दोघांना बजावलं. काकांनी उतावळ्या लोकांवरची एक म्हण ऐकवली, पण मान डोलावली. साफ करणारा माणूस गुरुवारी यायचा ठरला.

बुधवारी काकू बहिणीकडे गेल्या. गुरुवारी सकाळी त्या आणि तो माणूस दारात एकदमच पोचले. शेगडीवर काकूंनी करून ठेवलेल्या, लसणाच्या फोडणीच्या वरणाचं पातेलं होतं. खिडकीच्या फटींत कागद परत कोंबलेले होते. डॉबसनकडे आदल्या संध्याकाळी पाहुणे आले होते. फायरप्लेसमध्ये राख होती. लवकर निजण्याचे फायदे सांगणारी एक म्हण काकांची विशेष आवडती होती. ती पाळून ते निजले होते, ते उठलेच नाहीत. धुरांड्यातून पक्ष्याचं जुनं घरटं निघालं.

शोकाच्या दिवसांत डॉबसन केक घेऊन आले आणि काकूंजवळ अवघडून बसले. काकूंनी इतक्या वर्षांच्या फोडण्यांबद्दल त्यांची माफी मागितली.

डॉबसनना अर्थबोध होईना. पहिल्या महायुद्धात खंदकात गॅस लागल्यापासून त्यांना कसलाच वास येत नव्हता.