पार्बताबाईंनी निवडलेलं हॉटेल

शेंदूरजनाघाटात कोणाला काही निवडायचं असलं की पार्बताबाईंना बोलावणं येतं. लग्नाचा बस्ता असो, गोऱ्हा असो, नाहीतर लेकाला मुलगी बघायची असो. बाईंची तऱ्हा अशी, की त्या मूळ वस्तूकडे ढुंकूनही न बघता आजूबाजूचीच चौकशी करतात. गोऱ्हा घ्यायला गेल्या तर मालकाने म्हातारी गाय कशी ठेवली आहे ते पाहतात. मुलगी बघायला गेल्या तर मुलीला एक अक्षर विचारत नाहीत. तिच्या धाकट्या भावंडाला मांडीवर घेतात, पाठीवरून हात फिरवतात, आणि त्या घरात कोण कोणावर ओरडतं ते गप्पा मारता मारता काढून घेतात. उभा जन्म संत्र्याच्या बगिच्यात गेला. ढिगातली चुरी, म्हणजे बारका माल, न बघता बाजूला काढायची हाताला सवय. "माहा हात फसत नाही," असं त्या म्हणतात आणि म्हणताना मान जरा जास्तच ताठ करतात. गावही ते ऐकून घेतं, कारण बाईंचा हात खरोखर फसत नाही. फसला तो एकदाच, आणि तोही घरच्याच मालाला.

त्यांचे यजमान वामनराव गेले त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. साधा, बोलका माणूस. त्यांच्या बगिच्यातली संत्री ट्रकने पार केरळात जायची आणि वामनराव मात्र नागपूरच्या पुढे कधी गेले नाहीत. ट्रक भरून झाला की ड्रायव्हरला चहा पाजायचा आणि विचारायचं, "समुद्राचा आवाज कसा असते हो?" त्या ड्रायव्हरांना हिंदी बेताचीच. कोणी गाल फुगवून हूं करून दाखवायचा, कोणी हात हलवून दाखवायचा. वामनराव जेवताना ती नक्कल करायचे, पार्बताबाई हसून लोटपोट व्हायच्या. "एवढा बहार निघू दे, तुले समुद्रावर नेतो," हे त्यांनी दर बहाराला म्हटलं. कधी पोराचं शिक्षण आलं, कधी गारपीट आली. मग एक दिवस छातीत कळ आली आणि बोलणं तिथंच राहिलं.

एकुलता एक मुलगा गोपाल पुण्याहून धावत आला. दहावं, तेरवी, सगळं त्याने आपल्या हाताने केलं. पण वर्षश्राद्धाला त्याचं येणं झालं नाही. "ऑडिट सुरू हाये, आई. साहेब सोडून नाही राहिले," तो फोनवर म्हणाला. पार्बताबाईंनी वाद घातला नाही. नोकरी म्हणजे परक्याचं बंधन, हे त्यांनी स्वतःला समजावलं आणि जावेच्या मुलाला, योगेशला, पाटावर बसवलं.

त्या दिवशी नदीकाठी पिंड मांडले, पान वाढलं, आणि कावळा काही येईना. समोरच्या बाभळीवर कावळे बसले होते, मान वाकडी करून बघत होते, पण खाली एकही उतरेना. ऊन चढलं. माणसं आपसात कुजबुजायला लागली. पार्बताबाई पुढे झाल्या, हात जोडले. "पोरगं कामात गुतलं. त्याचा राग धरू नका. त्याच्या जागी मी हात जोडून राहिली," त्या म्हणाल्या. कावळा हलला नाही. तेव्हा त्यांनी योगेशला फोन लावायला सांगितला आणि तो पानाजवळ धरायला लावला.

"बाबा," गोपालचा आवाज आला, जड झालेला. "मी ऑफिसात अडकलो. मले माफ करा. तुमचं राहून गेलं ते मी करतो. आईले समुद्र दाखवतो. माहा शब्द हाये."

त्याच्या बोलण्यामागे एक आवाज होता. दुरून भरलेलं पोतं ओढत आणावं, धाडकन टाकावं आणि पुन्हा ओढत न्यावं, तसा. सगळे गप्प असल्यामुळे तो स्पष्ट ऐकू येत होता. आणि तेवढ्यात बाभळीवरून एक कावळा सरळ खाली आला आणि पिंडाला शिवला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. योगेशही रडला. नंतर पार्बताबाईंनी सहज विचारलं, "तुह्या मागे घरघर कायची होती रे?" तर गोपाल म्हणाला, ऑफिसातला एसी बिघडला आहे.

पुढे वर्षभर पार्बताबाईंनी ही गोष्ट कोणाला सांगायची बाकी ठेवली नाही. माझ्या पोराच्या शब्दावर कावळा उतरला. हळदीकुंकवात सांगितलं, मार्केटात सांगितलं, बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला सांगितलं. असा शब्द कोण विसरतं? गोपालला तर विसरायची सोयच उरली नव्हती. हिवाळ्यात त्याने कळवलं की गोव्याला जाऊ, समुद्राजवळच राहू. सगळे मिळून चौघं, तो, त्याची बायको वर्षाली, सात वर्षांची आचल आणि आई. सोबत मोबाइलवर हॉटेलांचे फोटो पाठवले. "तूच निवड," तो म्हणाला. "तुहा हात फसत नाही ना."

बाईंनी हे काम सोयरीक जमवावी तसं अंगावर घेतलं. फोटोंकडे फारसं पाहिलंच नाही. योगेशला नंबर लावायला सांगायचा आणि स्वतः बोलायचं. पहिल्या हॉटेलवाल्याला विचारलं, खोलीची खिडकी उघडते का. तो म्हणाला, एसीमुळे बंदच असते. "मंग समुद्र काचंतूनच पाहाचा तर टीव्हीवर काय वाईट हाये," म्हणून त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्याला विचारलं, लेकराचं पोट बिघडलं तर खायला काय द्याल. तो म्हणाला, मेनू वेबसाइटवर आहे. तोही बाद. तिसरं होतं 'लहर'. फोनवरची मुलगी मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "मऊ भात करून देऊ ना, आजी. बाल्कनी पण आहे. खाली मुलांना खेळायची खोली आहे. रस्ता ओलांडला की समुद्र." लहर म्हटल्यावर बाईंना आठवलं, नागपूरला भाचीच्या लग्नात वऱ्हाड ह्याच नावाच्या हॉटेलात उतरलं होतं, आणि तिथल्या आचाऱ्याने एका तान्ह्या पोरासाठी न सांगता पेज करून आणली होती. त्या हॉटेलांची मोठी साखळी आहे, गावोगावी एकच कारभार, असं योगेशने सांगितलं. बाईंना ते पटलं. एका मायच्या दोन लेकी दोन गावी दिल्या तरी फोडणीचा वास तोच येतो, असा त्यांचा हिशोब. लहर ठरलं.

गोपाल मात्र कधी नव्हे तो अडून बसला.

"ते नको, आई. बाकी कोणतंही घे. तिथे भल्ली गर्दी असते. समोरचा रस्ता पार करता करता जीव जाते. संध्याकाळी त्या गल्लीत गाडी लावाले जागा भेटत नाही."

"तुले कसं माहीत?"

"लोकं लिहितात ना नेटवर. वाचलं मी."

आईसाठी पोरगं एवढं बारीक वाचतं, ह्या विचाराने बाईंचा ऊर भरून आला. पण हॉटेल त्यांनी सोडलं नाही. लहर नसेल तर मी येतच नाही म्हणाल्या. शेवटी गोपाल बरं म्हणाला. बाईंनी त्याच दिवशी शेजारी सांगून टाकलं की माझ्या पोराने तिथल्या गल्लीतल्या गाड्यांचीसुद्धा चौकशी केली. आता ते आठवलं की त्यांना स्वतःचीच कीव येते.

बडनेऱ्याहून रेल्वेने पुणे, पुण्याहून गोपालच्या गाडीने गोवा. कळंगुटला शिरताना दोन्ही बाजूंनी टोप्या, चष्मे आणि फुगे विकणारे, मधून भाड्याच्या स्कूटरी, अर्ध्या कपड्यांतली माणसं. बाईंनी डोळे फिरवून घेतले आणि लगेच पुन्हा पाहिलंही. हॉटेलसमोर गाडी थांबली तेव्हा गोपाल म्हणाला, तुम्ही गाडीतच बसा, मी एकटा जाऊन किल्ली घेऊन येतो. बाईंना वाटलं, आई थकली म्हणून.

आत गेल्यावर आचल पळत सुटली. लिफ्ट खांबाच्या मागे होती, ती तिने न विचारता शोधली. लिफ्टचं बटण दाबताना "आजी, ह्या मजल्यावर माशांची पेटी आहे," म्हणाली आणि वर्षालीने तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. खरंच, लिफ्टमधून बाहेर पडल्यावर डाव्या हाताला माशांची काचेची पेटी होती. हल्लीची लेकरं चलाख, असं म्हणून पार्बताबाईंनी तेही सोडून दिलं. माणूस आपल्या लेकराविषयी किती सोडून देतो त्याला काही सुमार नाही.

खोली स्वच्छ होती. गोपाल चहाचं बघतो म्हणून खाली गेला. वर्षालीने बॅगा ठेवल्या आणि आईंना समुद्र दाखवावा म्हणून बाल्कनीचं दार सरकवलं.

पार्बताबाई उठल्याच नाहीत. पलंगाच्या काठावर तशाच बसून राहिल्या. डोळ्यांना समुद्र दिसायच्या आधी तो त्यांच्या कानात शिरला. दुरून पोतं ओढत येत होतं, धाडकन पडत होतं, ओढत मागे जात होतं. हा आवाज त्यांनी आयुष्यात एकदाच ऐकला होता, नदीकाठी, पिंडाच्या पानाजवळ धरलेल्या फोनमधून. पुढचा विचार मनात येऊ नये म्हणून त्यांनी पदराचं टोक मुठीत आवळलं, पण तो आलाच.

"आई, बरं वाटत नाहीये का?" वर्षालीने विचारलं.

"पाणी आण माय, थोडं गरम," त्या म्हणाल्या. वर्षाली पाणी आणायला गेली. पार्बताबाईंनी आचलला मांडीवर घेतलं आणि पाठीवरून हात फिरवू लागल्या. परक्या घरची किती गुपितं त्यांनी ह्याच हाताने बाहेर काढली होती. विचारू नये असं फार वाटलं, आणि तरी विचारलं.

"तुमी मांगं आले होते तवा गंमत केली असन ना, गं?"

आचलने दाराकडे पाहिलं. "मम्मीने सांगितलंय, सांगायचं नाही."

"मले सांगाले काय होते?"

"आम्ही किल्ला करत होतो वाळूचा. मी आणि पप्पा. मग तुझा फोन आला. पप्पा म्हणाले, कोणी बोलू नका. आणि मग ते रडल्यासारखं बोलले."

"मंग?"

"मग आम्ही किल्ला पूर्ण केला."

गोपाल चहाचा ट्रे घेऊन आला तेव्हा आई त्याच्याकडे बघत होती आणि आचल मान खाली घालून बसली होती. त्याला काही सांगावं लागलं नाही. ट्रे टेबलावर ठेवून तो जमिनीवरच बसला.

"वर्षालीच्या भावानं सगळ्याईचं इथं याचं आधीच ठरवलं होतं, आई. तारीख माह्या ध्यानातच नाही राहिली. मंग सांगितलं असतं तर तुले वाईट वाटलं असतं."

"तू आला नाही याचं मले काही नाही," पार्बताबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "योगेश होता. काम अडलं नाही. पण तू मले त्याईच्याशी खोटं बोलाले लावलं. पोरगं कामात गुतलं म्हणून मी त्याईच्यापुढे हात जोडले. जित्या माणसाशी खोटं बोललं तर उद्या माफी मागता येते. मी आता कोणापाशी जाऊ?"

"पण आई, कावळा तर शिवला ना. बाबांनी मले माफ केलं म्हणूनच—"

"तुह्यासाठी नाही शिवला तो." त्या थांबल्या. बाल्कनीतून तोच आवाज येत होता आणि त्यांना गाल फुगवून हूं करणारे वामनराव दिसत होते. "सारा जन्म ड्रायव्हर लोकाईले इचारत राहिले, समुद्राचा आवाज कसा असते. त्या दिवशी फोनातून त्याईले तो आयकू आला. त्यासाठी उतरले ते. तुहा शब्द मधात आला, बस."

गोपालने आईच्या पायाला हात लावला. तिने पाय मागे घेतला नाही, आणि त्याच्या डोक्यावर हातही ठेवला नाही.

"पुढच्या श्राद्धाले मी येतो, आई. काही झालं तरी येतो."

"ये ना. घर तुहंच हाये. पाहुण्यासारखा ये, पोटभर जेव. पण पाटावर योगेश बसन. मी जिती हावो तवरिक पिंडाले तुहा हात लागणार नाही."

वर्षाली पाण्याचा ग्लास घेऊन दारातच उभी होती. पार्बताबाईंनी तिच्या हातून तो घेतला, दोन घोट प्यायल्या, पदर नीट केला आणि उठल्या. गोपालही उठला, चप्पल शोधू लागला.

"तू कुठे निंगाला?" त्या म्हणाल्या. "तू राह्य. तुहं ऑफिस असन."

आणि त्यांनी आचलपुढे हात केला. "चाल माय, मले समुद्र दाखव. तुले रस्ता माहीत हाये."