फुगणं

डॉक्टरांनी मैदा बंद केला आणि मी चहासोबतची खारी डब्यासकट शेजारी देऊन टाकली, तेव्हापासून माझे सासरे अप्पा फुगून बसले होते. आज न्याहारीला मी कणकेत केळी नि खजूर कुस्करून घातले, वर भोपळ्याच्या बिया पेरल्या आणि मफिन ओव्हनमध्ये ठेवले. पेपराआडून अप्पांची नजर सारखी ओव्हनच्या काचेकडे वळत होती. आतल्या पिवळ्या उजेडात मफिन हळूहळू वर येत होते. माणूस फुगला की ताठरतो. हे मात्र फुगता फुगता हलके होतात. फरक बहुधा उबेचा असावा.

"फुगले गं, फुगले!" अप्पा एकदम ओरडले.

मी वळून पाहिलं, तर ते चक्क हसत होते.

"मी नव्हे, ते!"