थांबलेला हात

"चेहऱ्याच्या खुणेवरच राहू दे म्हटलं ना!" मी कॅमेऱ्यावरची खुणांची चकती परत फिरवली.

"राहू दे काय? हे बघ कसं येतंय." दादाने कॅमेऱ्याचा पडदा माझ्या नाकाशी धरला. "चेहरा झकास, आणि हाताच्या जागी नुसता धूर. हात हलतोय, तर पळत्या माणसाची खूण लावायची. तिच्यावर धावता घोडासुद्धा जागच्या जागी थिजतो."

"आई काय घोडा आहे?"

"घोडी म्हणा हवं तर," खिडकीशी कोट मांडीवर घेऊन बसलेली आई म्हणाली. "पण आटपा, ऊन सरकतंय."

फोटो तिलाच हवा होता. एकोणचाळीस वर्षं तिने कोटांची काजं हाताने केली. दुकानाचे शिंपी मास्तर थकले, त्यांचा मुलगा मास्तर झाला, काजं मात्र आईचीच राहिली. दोन वर्षांपूर्वी तिच्या हाताला कंप सुटला. चहाचा कप ती दोन्ही हातांनी धरू लागली, पण कोट सोडले नाहीत. "हात हलतो, टाका हलत नाही," असं येईल त्याला ऐकवायची. परवा सहज म्हणाली, "एकदा हा हात थांबलेला बघायचाय. पूर्वीसारखा." म्हणून दादाने ऑफिसातल्या कुणाचा तरी हा छोटा कॅमेरा मागून आणला.

दादाला एक गोष्ट ठाऊक नव्हती. दुपारी आईचा डोळा लागला की मी तिची काजं उसवायची, नव्याने करायची आणि मग कोट मास्तरांकडे पोचवायची. आईला जवळचं नीटसं दिसत नाही, म्हणून खपून गेलं. धुरकट हात मला पुष्कळ होता.

मी पुढे काही बोलायच्या आत दादाने चकती फिरवून बटण दाबलंसुद्धा.

फोटो जरा दाणेदार आला, पण हात थांबला होता. सुई, बोटातलं अंगुस्तान, ताणलेला दोरा, सगळं स्वच्छ. परगावी गेलेलं माणूस अचानक दारात दिसावं तशी आई बघत राहिली.

"असाच होता," ती म्हणाली. "अगदी असाच. मोठं होतं का रे हे?"

"बॅटरी संपेल," मी घाईने म्हणाले.

"कशाने संपेल? आत्ताच भरलीय." दादा बटण दाबत गेला. हात मोठा झाला, मग बोटं, मग बोटांखालचं काज. एक टाका लांब, एक आखूड, तिसरा भलतीकडेच.

आईने खुंटीवरचा तयार कोट मागितला. "याचंही काढ."

दादाने फुलाची खूण लावली, कॅमेरा काजाच्या अगदी जवळ नेला. सगळे टाके एका ओळीत.

आईने माझ्याकडे पाहिलं. "कधीपासून?"

"दोन वर्षं."

"कोपऱ्यात दोरा जास्त ओढतेस."

दादाचा चेहरा उतरला. "आई, तो पहिला फोटो पुसून टाकू?"

"नको. हात छान आलाय." तिने पुन्हा एकदा पडद्याकडे पाहिलं, त्यावरून अंगठा फिरवला.

मग सुई कोटाच्या कॉलरला टोचली आणि आतल्या खोलीतल्या वहिनीलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "उद्यापासून काजं ही करणार. मास्तरांना मी स्वतः सांगून येते."