सुमनच्या हातच्या पेट्या

आमच्या कारखान्यात बायकांच्या खोलीत भिंतीला लाकडी खुंट्या आहेत. सकाळी बस आली की आम्ही अंगावरचं धातूचं सगळं काढतो, मंगळसूत्र, जोडवी, कानातलं, केसांतल्या पिना, किल्ल्या, मोबाईल, आणि ते कापडी पिशवीत घालून पिशवी आपापल्या नंबरच्या खुंटीला अडकवतो. आत स्फोटाची दारू भरली जाते, तिथं एक ठिणगी पुरते. संध्याकाळी पिशवी काढायची, आरशासमोर उभं राहून सगळं परत अंगावर चढवायचं आणि घरी जायचं. त्या दिवशी स्फोट झाल्यावर आम्हाला फाटकाबाहेर पळसाच्या झाडांखाली उभं केलं. आत कोण राहिलं ते कोणी सांगत नव्हतं. दुपारी पिशव्या न्यायला एकेकीला आत सोडलं. मी अगदी शेवटी गेले. माझी काढल्यावर खुंट्यांवर तीनच पिशव्या उरल्या आणि त्यातली निळ्या पातळाची पिशवी सुमनची होती. तिच्यात फोन वाजत होता. थांबायचा, पुन्हा वाजायचा... नागपूरहून तिची मुलगी पल्लवी लावत होती, हे न पाहताही कळत होतं. मी पिशवीला हात लावला नाही. या गोष्टीची मला अजून लाज वाटते.

याला आता दोन महिने होत आले. सुमन कोण होती हे मी सांगितलं नाही तर कोणी सांगणार नाही, कारण पेपरात ‘तीन महिला कामगार’ एवढंच आलं होतं. कारखान्याचं नाव मी लिहिणार नाही. माझी नोकरी अजून तिथंच आहे, आणि शूर असल्याचा माझा दावा नाही. नागभीडच्या पुढे, धानाच्या बांध्या संपून जंगल सुरू होतं त्या कडेला तो आहे, एवढं पुरे. सुमन आणि मी एकाच दिवशी तिथं लागलो. तिचा नवरा काविळीनं गेला तेव्हा पल्लवी चौथीत होती, घरात सासू होती आणि दीर-जाऊ शेजारच्याच घरात वेगळे राहत होते. धानाच्या रोवणीपेक्षा बारमाही काम बरं म्हणून ती आली. पहिल्या आठवड्यातच बसमध्ये तिनं मला सांगून टाकलं, “माही पोरगी नर्स होईन. ते झाली का मी हे काम सोडतो. तिले या बसमंधी पाय नाई ठेवू देत.” मी हसले होते, कारण बसमधली प्रत्येकजण आपल्या मुलीबद्दल असंच काही बोलायची. फरक एवढाच की सुमन त्यानंतरची सगळी वर्षं तेवढ्या एका वाक्यावर जगली.

सुरुवातीला आम्ही करायचो ती खाणीची दारू. बल्लारपूरकडच्या कोळशाच्या खाणींत दगड फोडायला ती जायची. तेव्हा सुमनला कामाचा अभिमान होता. रेल्वेचं फाटक बंद असलं आणि समोरून कोळशाची मालगाडी धडधडत गेली की ती मला कोपर मारायची, म्हणायची, बघ, आपणच काढलाय हा. मग एका वर्षी नवीन शेड उभ्या राहिल्या, कुंपण जंगलात आणखी आत सरकलं, आणि तोफेचे गोळे भरायचं काम आलं. साहेबांनी सगळ्यांना पेढे दिले. बाहेरदेशी माल जाणार म्हणाले, देशाचं नाव होणार म्हणाले. आम्ही पेढे खाल्ले. सुमन आणि मी पेट्या भरायच्या शेडमध्ये होतो. गोळे लाकडी पेट्यांत नीट बसवायचे, झाकण लावायचं, आणि अक्षरं कापलेला पत्रा वर धरून काळ्या रंगानं नंबर आणि नाव उठवायचं. इंग्रजी आम्हा दोघींनाही फारसं येत नव्हतं. उठवायला वाचता यावं लागतं असं थोडंच आहे.

अक्षर बिघडलं की पेटी बाद व्हायची आणि बाद पेट्यांचं लाकूड कामगारांना मिळायचं. चांगलं लाकूड हो, आमच्या वस्तीत असं एक घर नसेल ज्यात त्याची फळी, पाट नाहीतर कपाट नाही. सुमननं त्याचं पल्लवीला अभ्यासाचं टेबल करून घेतलं. पल्लवी तेव्हा अकरावीत होती. एका रविवारी मी भाजी निवडत त्यांच्याकडे बसले होते, तर ती टेबलाच्या कडेवरची अक्षरं बोटानं वाचत आईला म्हणाली, “आई, हे बंदराचं नाव आहे. आमच्या नकाशात आहे. तिथी लढाई सुरू आहे ना वो?” सुमन म्हणाली, असंन. पल्लवीनं मोबाईलवर शोधून दाखवलं. एक रस्ता, दोन्ही बाजूंना पडलेली घरं, आणि एक बाई पलंगावरची चादर ओढून काढत होती, ढिगाऱ्याखालून. सुमननं चष्मा मागितला. तिनं त्या बाईकडे पाहिलंच नाही, ती मागे कुठं पेट्या दिसतात का ते शोधत होती... त्या दिवसापासून तिला ही खोडच लागली. कोणाच्याही मोबाईलवर लढाईचा फोटो आला की ती तो हातात घ्यायची, दोन बोटांनी मोठा करायची आणि मागचं सामान तपासायची. तिची पेटी तिला कधी दिसली नाही. दिसली असती तर बरं झालं असतं की वाईट, हे तिचं तिलाही सांगता येत नव्हतं. मला राग यायचा. मी म्हणायचे, कशाला जिवाला घोर लावून घेतेस, आपण नाही भरलं तर दुसरं कोणी भरेल. ती म्हणायची, खरं आहे. आणि पुढचा फोटो मागायची.

वर्षावासात, पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, आमच्या बौद्ध विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. एका वर्षी तरुण भंतेजी आले होते, लांबचे, त्यांना आमच्या भागाची काही माहिती नव्हती. बोलता बोलता त्यांनी गृहस्थानं करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आणि पहिलाच सांगितला शस्त्रांचा. समोर बसलेल्या बायकांतल्या निम्म्या आमच्या बसमधल्या. सगळ्या आपापल्या पायाच्या बोटांकडे पाहू लागल्या. भंतेजींना वाटलं असेल, किती मन लावून ऐकताहेत. दुसऱ्या दिवशी भोजनदान सुमनकडे होतं. वाढून झाल्यावर ती हात जोडून खाली बसली आणि म्हणाली, “भंतेजी, आम्ही इकत नाई. आम्ही भरतो. त्याचं काय?” मग इथं दुसरं काय काम मिळतं, असं त्यांनी विचारलं. सुमन म्हणाली, रोवणी आणि कापणी, बाकी तेंदूपानाचे काही दिवस. त्यांनी ताटात होतं ते संपवलं. मला तेव्हा त्या पोरसवदा माणसाची दया आली. त्यानंतर विहारात पंचशील म्हणताना, जीव घेण्यापासून दूर राहीन हे पहिलं शील आलं की सुमन ओठ मिटून घ्यायची आणि दुसऱ्यापासून सुरुवात करायची. मी शेजारी उभी असायचे म्हणून मला कळायचं. मी पहिल्यापासून म्हणायचे, मोठ्यानं.

कारखान्याला लागून खाली एक बोडी आहे, गावाचं छोटं तळं. शेड धुतलेलं पाणी पावसाळ्यात तिकडेच वाहून जायचं. आधी पाणी लालसर झालं, मग मासे उलटे तरंगले, मग त्या पाण्यावर टाकलेले धानाच्या रोपांचे पऱ्हे पिवळे पडले. ज्यांची शेतं बोडीखाली होती त्यांच्या सुना पुढच्या वर्षी बसमध्ये आल्या. जंगलातल्या गावची मैनाबाई मडावी आली. तिच्या मोहाची झाडं वाढीव कुंपणात गेली होती, आणि आता ती फुलं पडलेली रोज शेडच्या दारातून पाहायची, पण वेचायला मनाई होती. दारू भरायच्या शेडमधल्या बायकांचे हात हळदीनं माखल्यासारखे पिवळे, साबणानं न निघणारे. कोणाच्या लग्नाला गेल्या की त्या पदराखाली हात झाकून बसायच्या. आमचे हात काळे व्हायचे, नुसत्या रंगानं, आणि आम्हाला तेवढंच समाधान होतं.

सगळ्यात वाईट मात्र काम बंद पडलं तेव्हा झालं. कुठंतरी तहाची बोलणी सुरू झाली आणि आमची बस यायची थांबली. सव्वा महिना घरी बसलो. किराणा दुकानदार तोंड फिरवू लागला, शिकवणीतून आम्ही पोरं काढली. मग एक दिवस नळावर एक बाई हसत आली आणि म्हणाली, बोलणी फिसकटली म्हणे, सोमवारपासून बस सुरू. सगळ्याजणींचा जीव भांड्यात पडला. माझाही पडला, खोटं कशाला सांगू. सुमननं अर्धी भरलेली घागर तशीच ठेवली आणि घरी गेली. मी मागोमाग गेले तर ती चुलीपुढे बसली होती. म्हणाली, “माया, मले आनंद झाला वो. ऐकल्याबरोबर झाला. कोनी मरून राह्यलं तिथी, आन् मी खुश.” ती रडली नाही. मला वाटलं, रडली असती तर बरं. सोमवारी आम्ही दोघी बसमध्ये होतो.

पल्लवी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला गेली तेव्हा सुमन भिंतीवरच्या कॅलेंडरवर महिने खोडू लागली. शेवटच्या परीक्षेला चार महिने उरले होते. त्या दिवशी जहाजाची तारीख जवळ आली म्हणून साहेबांची घाई चालली होती आणि दारू भरायच्या शेडमध्ये दोघीजणी तापानं आल्या नव्हत्या. पेट्यांकडून एकीला पाठवा म्हणाले. सुमन उठली. मी म्हटलं, जा, मी इकडचं पाहते... बाई, इतकं साधं बोलणं. जाताना तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही, दारापाशी तांब्याच्या पट्टीला हात लावला, अंगातली वीज उतरवायची आमची रीत, आणि गेली. साडेअकराला जमीन हलली. नंतर जे कागदात बांधून दिलं त्यावर अंत्यविधी झाला. पल्लवीनं ते उघडून पाहायचा हट्ट धरला नाही. ती नागपूरला जळीत विभागात काम शिकली होती, तिला कळत होतं.

सुमनच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि कंपनीचं बोलावणं आलं. घरातल्या एकाला आईच्या जागी घेणार होते, पल्लवीला पहिला हक्क. सुमनच्या सासूबाईंनी पल्लवीला विचारलं, दीरानं समजावलं, की नर्सची नोकरी कधी लागेल कोणास ठाऊक, ही हातातली आहे. रात्रभर माझा डोळा लागला नाही. सुमनचं ते बसमधलं वाक्य माझ्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं आणि पल्लवीला ते सांगायचा मला अधिकार आहे की नाही, हे मला ठरवता येत नव्हतं, कारण ते सांगणारी मी स्वतः एवढी वर्षं त्याच बसमध्ये चढत होते. सांगायची वेळ आली नाही. कचेरीत मी तिच्याबरोबर गेले तेव्हा तिनं फॉर्म साहेबांकडे परत सरकवला. “मी नाई येत,” ती म्हणाली. “आन् साहेब, आईच्या जागी कोनालेच नका ठेवू. ते जागा तशीच राहू द्या.” साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी पाणी मागवलं, जागा रिकामी ठेवणं त्यांच्या हातात नाही, वरून माल मागतात, असं समजावून सांगितलं, आणि फॉर्मवर वारस इच्छुक नाही असं लिहिलं. बाहेर आल्यावर पल्लवीनं मला विचारलं, “मावशी, तुमी सोडान का?” मी म्हटलं, बघू. दुपारच्या गाडीनं ती नागपूरला गेली. तिची परीक्षा होईल, ती पास होईल, एवढं एक सुमनचं झालं.

जागा सुमनच्या जावेला मिळाली. वंदना तिचं नाव. तिलाही घर आहे, तिच्याही मुली शिकताहेत, तिला मी कोणत्या तोंडानं नको म्हणणार? नवीन शेड उभी राहीपर्यंत आम्हाला जवळजवळ दोन महिने सुट्टी होती. परवा काम सुरू झालं. वंदना नवीन सुती साडी नेसून आली होती, बसमध्ये माझ्या शेजारी येऊन बसली आणि सगळा रस्ता बोलत राहिली. तिला माझ्याच टेबलावर दिलं. पहिल्या पेटीवर तिचा रंग पत्र्याखाली पसरला, अक्षरं फुगली. ती घाबरून माझ्याकडे पाहू लागली. सुमन ब्रश कधी ओढायची नाही. ती आधी तो चिंधीवर जवळजवळ कोरडा करायची, मग सरळ उभा धरून ठिपके दिल्यासारखा टेकवायची, कडेकडून मध्ये. एवढ्या वर्षांत तिच्या हातून अक्षर बिघडलेल्या पेट्या बोटांवर मोजण्याइतक्या. मी वंदनाचा हात धरला, ब्रश उभा केला आणि सुमन कशी करायची ते तिला दाखवलं. हुशार आहे, लवकर शिकली. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिच्या पेट्या सुमनच्या पेट्यांसारख्याच दिसायला लागल्या.