लहानूच्या पोराचा हात

बायजाबाईंचा चेहरा देवीच्या वणांनी भरलेला होता. पहिल्यांदा बघणारा माणूस चटकन नजर खाली घालायचा. त्यांना ते लगेच कळायचं. "पाह्य ना वं, लाजतं काहून? मातेनं बोटं टेकवली माह्या तोंडावर. तुह्या तोंडावर टेकवली काय?" लग्न होऊन मी गोळीबार चौकामागच्या गल्लीत आले तेव्हा त्या मला पहिल्यांदा बोलल्या ते हेच.

गल्ली विणकरांची. आमचे हे पोस्टात, म्हणून आमचं घर तेवढं नोकरीवाल्याचं. बाकी घराघरांत माग. बायजाबाईंचं घर आमच्या भिंतीला लागून. मुलगा बळीराम आत मागावर बसायचा आणि बायजाबाई दारात चरख्यावर मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या. हात सुतावर आणि लक्ष सगळ्या गल्लीवर. कोण कुठं निघालं, कोणाची सून रुसली, भाजीवाल्यानं वांगी कालची आणली की आजची, सगळं त्यांना ठाऊक. त्यांना विचारल्याशिवाय कोणी पापडसुद्धा लाटायला घेत नसे.

गल्लीच्या टोकाला कडुलिंबाखाली मातामाय होती. तिथं पुजारी कोणी नाही. दगड धुवायचं, मंगळवारी शेंदूर लावायचं काम बायजाबाईंनी आपणहून उचललेलं. कोणाच्या घरी देवी आल्या की पहिलं बोलावणं त्यांना. त्या दाराला लिंबाची डहाळी खोचायच्या, आजाऱ्याच्या उशाशी थंड पाणी ठेवायच्या आणि घरातल्या बाईला बजावायच्या, "फोडणी घालू नको. मातेले खमंग चालत नाही." त्यांची स्वतःची पहिली मुलगी त्याच दुखण्यात गेली होती. "नेली मातेनं," एवढंच एकदा म्हणाल्या. चरखा तेवढा थांबला, मग पुन्हा फिरायला लागला.

मीही देवाधर्माचीच. माहेरी रोज सांजवात व्हायची आणि माझ्या दंडावर लहानपणी देवी काढल्याच्या, म्हणजे लस टोचल्याच्या, खुणाही होत्या. या दोन गोष्टींत काही भांडण आहे असं मला कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या गल्लीत मात्र सदुसष्टच्या उन्हाळ्यात तेच भांडण पेटलं.

त्या वर्षी शहरात देवीची लागण वाढत होती. आज या मोहल्ल्यात, उद्या त्या. केशवराव नावाचे देवी डॉक्टर सायकलवर यायला लागले. टोचणाऱ्या सरकारी माणसाला तेव्हा लोक देवी डॉक्टरच म्हणत. त्यांच्याजवळ दाते असलेली एक लहानशी गोल चकती असायची. दंडावर लस लावून ती टेकवायची आणि फिरवायची. पोरं अशी किंचाळायची की शेजारच्या गल्लीतली पोरं आधीच पळून जायची.

नळावर रोज वाद. गणपतराव माळकरी, गल्लीतले मोठे. ते म्हणायचे, "वासराच्या अंगावरून काढते थे लस. आता तुमीच सांगा, थे आपल्या पोट्ट्यायच्या रक्तात घालाची काय?"

समोरच्या पार्वतीबाई बादली आपटत म्हणायच्या, "दूध पेता तवा वासरू आठवत नाही काय गा बुवा?"

"दुधाची गोष्ट न्यारी!"

"न्यारी कशी? मले समजावून सांगा. नळावर माहा नंबर यायचाच हाये अजून."

लोक हसायचे आणि पोरांना टोचून घ्यायचेही. पण मग लहानूच्या पोराचा हात सुजला.

लहानू बळीरामचा जिवलग. दोघं एकाच व्यापाऱ्याचं लुगडं विणायचे, बाजारही बरोबर करायचे. लहानूच्या पोराला टोचलं, फोड उठला तो चांगला उठला; लस लागली की तो उठतोच. पण पुढं दंड सुजून लाल झाला, पू धरला, पोर तापानं फणफणलं. लहानूनं त्याला खांद्यावर घेतलं आणि चौकात उभं राहून सगळ्यांना हात दाखवला. "पाहा! सरकारनं केलं हे! आता या कोनी टोचाले माह्या दारात!" तो हात मीही पाहिला. बाकीच्या आईबापांनी तो पाहून दार लावून घेतलं तर त्यांना दोष कसा द्यावा? केशवरावांची सायकल गल्लीत शिरली की कड्या लागायला लागल्या.

बळीरामची मुलगी शेवंता तेव्हा पाच महिन्यांची. सून प्रेमिला हिची कूस किती तरी वर्षांनी उजवलेली. बायजाबाई नातीला मांडीवर घेऊन कांड्या भरायच्या आणि तिच्याशी बोलत राहायच्या, "काय पाहून राहिली वं म्हातारे? माहे दात मोजून राहिली काय? नाईत ते." शेवंताला अजून टोचलेलं नव्हतं. बळीराम म्हणाला, आता टोचायचंही नाही.

एक दिवस बायजाबाई मला म्हणाल्या, "सूनबाई, पार्वतीच्या घरून फोडणीचा वास नाही आला आज."

"उपास असेल."

"कालबी नाही आला."

त्या उठून समोर गेल्या. परत आल्या तेव्हा चेहरा उतरला होता. पार्वतीबाईंचा भाचा गावाहून आला होता, त्याला देवी आल्या होत्या. देवी डॉक्टर दवाखान्यात नेतील या भीतीनं पार्वतीबाईंनी लपवून ठेवलं होतं. त्यांचं दार आणि प्रेमिलाचं दार यांत फक्त गल्लीची रुंदी.

प्रेमिलानं नवऱ्याचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. "टोचून घेऊ या ना हो. तुमच्या मायकडे पाहा, त्यायची पोट्टी गेली ना याच दुखन्यात?"

"अन् लहानूच्या पोट्ट्याचा हात पाहिला नाही तू?" बळीराम मागावरून उठलासुद्धा नाही. "त्याच्यासमोर माही पोट्टी टोचाले नेऊ? काय तोंड दाखवू मी त्याले?"

बायजाबाईंचा शब्द घरात शेवटचा, पण तो त्यांनी उच्चारलाच नाही. त्यांचंही मन घाबरलं असणार.

त्याच आठवड्यात केशवराव लहानूच्या दारात येऊन उभे राहिले. लहानूनं शिव्यांचा पट्टा सोडला. केशवरावांनी टोपी काढून घाम पुसला. "दे बापा, शिव्या दे. त्या झाल्या की पोराचा हात दाखव."

लहानूची बायको शोभा पोराला घेऊन आली. मी उकळलेलं पाणी घेऊन गेले, बायजाबाई माझ्यामागे येऊन उंबऱ्यात थांबल्या. केशवराव हळूहळू खपली भिजवत होते. कापसावर पू आला, आणि पुवाबरोबर नारिंगी, तांबूस काही तरी.

"हे काय लावलं होतं फोडाले?"

"काईच नाही जी," शोभा म्हणाली. "मातामायचा शेंदूर तेवढा. फोड फुटला त्या दिवशी बायजाबाईनं लावला. आशीर्वाद म्हणून."

केशवरावांनी एकदा बायजाबाईंकडे पाहिलं. सगळं त्यांना समजलं असणार, पण म्हणाले एवढंच, "फोडाले काही लावाचं नसते माय. कोरडा ठेवाचा." हात बांधला, औषध दिलं आणि गेले.

लहानू तेव्हा विड्या ओढत बाहेर बसला होता. त्यानं हे ऐकलं नाही. शोभाच्या ध्यानात काही आलं नाही. मी गप्प राहिले, कारण बोलायचं ते माझं नव्हतं.

बायजाबाईंचा चरखा मंगळवारपर्यंत बंद राहिला. मंगळवारी मातामायपुढं बायका जमल्या, पुरुषही नळाच्या बाजूला होते. बायजाबाईंनी दगड धुतले, फुलं वाहिली, पण शेंदराची वाटी उचलली नाही. त्या वळल्या.

"लहानू, इकडे ये गा."

तो आला.

"तुह्या पोट्ट्याचा हात टोचल्यानं नाही नासला. मी नासवला. फोड फुटला होता, त्यात मी शेंदूर दाबला. कितीक दिवसांचा उघड्यावरचा शेंदूर. माह्याच बोटानं."

लहानू ओरडला. काय काय बोलला ते लिहीत नाही. म्हाताऱ्या माणसाला बोलू नये असं बोलला. गणपतराव पुढं आले, त्यांचा राग वेगळाच. "म्हंजे मातेच्या शेंदरात जहर हाये म्हनतं काय तू बायजे? तोंड सांभाळ!"

"शेंदूर दगडाले लावाचा असते बुवा," बायजाबाई म्हणाल्या. "मातेनं कवा म्हटलं, लेकराच्या जखमेत भरा म्हणून? अक्कल माही गेली. तिचं नाव कायले घेता?"

त्या घरी आल्या आणि दार लोटून बसल्या. त्या दिवशी त्यांच्या दारात एकही बाई आली नाही. बळीरामही आईशी बोलला नाही. मी वाटीभर वरण नेऊन दिलं, त्यांनी ते तसंच झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लहानू आला. बायजाबाईंकडे न पाहता सरळ बळीरामच्या मागापाशी जाऊन उभा राहिला.

"उठ."

"काय झालं?"

"माह्या पोट्ट्याच्या नावावर तुही पोट्टी कायले घरात कोंडून ठेवतं? समोरच्या घरात माता बसली हाये. उठ, केशवराव नळापाशी आले हायेत."

"तुले चालते?"

"मले नाही चालत. मले लई राग हाये तुह्या मायचा. पण त्या रागापायी पोट्टी लपवून ठेवाची काय? उठ गा!"

बळीराम उठला. प्रेमिलानं तोवर शेवंताला उचललं होतं. चकती फिरली तेव्हा पोरीनं सगळी गल्ली डोक्यावर घेतली. गल्लीतल्या बऱ्याच कड्या त्या दिवशी निघाल्या, गणपतरावांची तेवढी निघाली नाही. पार्वतीबाईंचा भाचा वाचला, तोंडावर वण घेऊन. आमच्या गल्लीत आणखी कोणाला देवी आल्या नाहीत. लहानूच्या पोराचा हातही हळूहळू भरून आला. शोभा मात्र बायजाबाईंशी दिवाळीपर्यंत बोलली नाही, आणि बायजाबाई तिची कधी तक्रारही करायच्या नाहीत.

पण हे सगळं पुढचं; त्याआधी शेवंताचा फोड उठला आणि तिला ताप भरला. घर पुन्हा घाबरलं. बळीराम सारखा दारातून आत आणि आतून दारात. येणारी प्रत्येक बाई काही तरी सांगायची: हळद लाव, लोणी लाव, लिंबाचा रस लाव. बायजाबाई नातीला मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसल्या होत्या. कोणाचा हात पुढं आला की म्हणायच्या, "दुरून पाह्य, माय. कोरडा ठेवाचा हाये."

त्यांची स्वतःची बोटंसुद्धा एकदा त्या दंडाकडे गेली. मी पाहिलं. त्यांनी हात मागं घेतला, पदराचं टोक मुठीत धरलं आणि ओठांत मातामायचं नाव घेत राहिल्या.

तिसऱ्या प्रहरी शेवंताला घाम फुटला. तिनं डोळे उघडले, कुरकुरली आणि प्रेमिलानं पदराखाली घेताच दूध ओढायला लागली. बळीराम आत गेला. थोड्या वेळानं मागाचा खटखट आवाज सुरू झाला.

बायजाबाईंनी आखडलेले पाय सरळ केले. "प्रेमिला," त्या म्हणाल्या, "तिचं पिऊन झालं की मले चहा दे वं. अन् त्या लहानूलेबी बोलाव. बाहेर लपून बसला हाये सकाळपासून."