ब्याऐंशी टक्के

पातूरच्या माझ्या मामांइतका वीज वाचवणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात नाही, हे मी कुठल्याही चौकात उभा राहून सांगेन. जेवताना ते पंखा बंद करतात, कारण "हात हालून राह्यला ना, तेवढा वारा पुरते." शेवंती टिकावी म्हणून त्यांनी मळ्यात सौर बॅटरीवर चालणारी थंड खोली बांधली; पाण्याची मोटरही त्याच बॅटरीवर. बॅटरी किती भरलेली आहे ते मोबाइलवर दिसतं; जवळ उभं राहिलं तर ब्लूटूथने, गावाबाहेरून भिंतीवरच्या डब्यातून येणाऱ्या इंटरनेटने. मामांना हे पटेना. "बॅटरी एक, आकडा एक, मंग रस्ते दोन काहून बे?" माहिती लोकांपर्यंत पोचलीच पाहिजे म्हणून मी पत्रकं वाटत फिरतो, यावरही एक काढायचं मी ठरवलं.

डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मामा अमरावतीला आमच्याकडे आले. मामी मळ्यातच राहिली. खोलीत लग्नाच्या ऑर्डरची शेवंती भरलेली. मामा एका डोळ्यावर पट्टी बांधून मोबाइल नाकाशी धरत. ब्याऐंशी टक्के. तीन दिवस ढग, तरी ब्याऐंशी. "पाय, हालून नाही राह्यला! याले म्हन्ते माल."

चौथ्या दिवशी मामीचा फोन आला. "अवो, खोली गरम झाली, फुलं मान टाकून राह्यली!"

"कसं शक्य आहे? इथं ब्याऐंशी आहे," मी मधेच म्हणालो.

मी लगेच बॅटरी कंपनीविरुद्ध पत्रक लिहायला घेतलं, 'फसवणूक' या शब्दापर्यंत पोचलोही. तेवढ्यात मामी म्हणाली, "निघताना भिंतीवरचा इंटरनेटचा डबा कोनं बंद केला?"

मामा हळूच म्हणाले, "बॅटरी वाचवाले."

म्हणजे डबा बंद, नवा आकडा येतच नव्हता; आम्ही मामा निघाले त्या दिवसाचाच आकडा पाहत होतो. आणि जवळून आकडा दाखवणारा मोबाइलही मामांच्याच खिशात. मामीने ओली गोणपाटं टाकून निम्मी शेवंती वाचवली, लग्नाला तेवढीच गेली. मामा त्या दिवशी जेवले नाहीत. मी पत्रक फाडलं.

आता तो डबा चालू असतो. डोळ्यापायी मामांचा मुक्काम लांबला. सकाळी सहाला आकडा एका टक्क्याने उतरला की ते म्हणतात, "मामी उठली. मोटर लावली तिनं."

परवा साडेसहा झाले तरी आकडा उतरेना. फोन लावा ना, मी म्हटलं. "झोपली असन तं उठन," म्हणाले, आणि मोबाइल तसाच धरून बसले. चहा गार झाला. मग एक टक्का गेला. वीज खर्च झाल्याचा इतका आनंद मामांच्या चेहऱ्यावर मी जन्मात पाहिला नव्हता.