तिसऱ्या मजल्यावरचं लिफ्टचं दार

मुलुंडच्या त्या इमारतीतला अपघात मला आजही विसरता येत नाही. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तिथल्या पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक होतो. तिसऱ्या मजल्यावर राहणारे एक निवृत्त गिरणी कामगार संध्याकाळी फिरायला निघाले. लिफ्टचं दार ओढून त्यांनी आत पाऊल टाकलं आणि थेट खाली कोसळले. लिफ्ट तळमजल्यावर होती. इस्पितळात पोहोचण्याआधीच ते गेले.

लिफ्टमन जागेवर नव्हता. गुत्त्यावरून परतला तेव्हा लोकांनी त्याला धरलं. तोंडाला दारूचा वास येत होता. मृताचा मुलगा मला म्हणाला, "साहेब, ह्यानेच माझ्या बाबांना मारलं. अजून काय पुरावा पाहिजे?"

निष्काळजीपणाने मृत्यू, कलम ३०४ अ. लिफ्टमनला अटक केली. "प्यायलो साहेब, खोटं बोलत नाही," एवढंच तो म्हणाला.

सकाळी मेकॅनिकला घेऊन पंचनाम्याला गेलो. अशा लिफ्टचं बाहेरचं दार, लिफ्ट त्या मजल्यावर असेल तरच उघडतं. इतर मजल्यांवरची दारं ओढून पाहिली, एकही हललं नाही. तिसऱ्यावरचं सहज उघडलं. आतली खिट्टी तारेने मागे बांधलेली होती. लिफ्टमन शुद्धीत आणि जागेवर असता, तरी हे दार उघडलंच असतं.

तार कोणी बांधली, ते कोणी सांगेना. दुपारी शेजारच्या एक बाई ठाण्यात आल्या. "माझं नाव नको. पण रविवारी गेलेल्या काकांचा मुलगाच पक्कड घेऊन लिफ्टच्या दाराशी बसला होता."

मी त्याच्या घरी गेलो. त्याची आई भिंतीला टेकून बसली होती. मी विचारलं, "रविवारी दाराशी काय करत होतास?"

त्याने आईकडे पाहिलं. "दार अडकायचं, साहेब. बाबांच्या हातात जोर राहिला नव्हता. त्यांना उघडता यावं म्हणून तार बांधली."

"मग काल का नाही बोललास?"

"लिफ्टमनच्या तोंडाला वास येत होता ना. मला वाटलं, त्याच्यामुळेच झालं."

आई हळूच म्हणाली, "साहेबानू, त्या माणसाक आता सोडा. तेची बायको वाट बघत आसतली."

लिफ्टमन सुटला. कामावर दारू प्याल्याबद्दल सोसायटीने त्याला काढून टाकलं, ते योग्यच होतं. मुलावर आरोपपत्र दाखल झालं. कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला, त्याला दंड झाला.

माणसं चटकन दिसणारी चूक पकडतात आणि मरण तिच्या माथी मारतात. पुढे प्रत्येक अपघातात मी आधी एकच विचारत गेलो: ही चूक झाली नसती, तर हा माणूस वाचला असता का?

कोर्टाबाहेर मुलगा माझ्याजवळ आला. "साहेब, मी त्यांच्या भल्यासाठीच केलं होतं ना?"

"हो," मी म्हटलं. "तुझ्या जबाबात तेही लिहिलंय."